बापाला आत घ्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मंत्रिमहोदय, जिल्हा रुग्णालयाच्या पाहणीला आलेल्या पाहुण्यांना एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी दिवसांच्या नवजात बाळांच्या कक्षात, हमखास नेलं जातं. त्या दिवशी वॉर्मर लखलखीत असतात, सिस्टरांचे गणवेश इस्त्रीचे असतात आणि दाराबाहेरचा व्हरांडा रिकामा असतो. एरवी तो रिकामा नसतो. तासाभरासाठी ज्यांना तिथून उठवून खाली पार्किंगकडे पिटाळलेलं असतं, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे बाप, आणि त्यातही पहिलटकर बाप.

मी मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा भाग नवजात कक्षात गेला. मला कुणाविरुद्ध तक्रार करायची नाही. मला एक परिपत्रक हवं आहे.

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली ३० लाख एकट्या भारतात. इतकी दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत. गावाकडे अजून म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे साफ खोटं आहे, पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. पण बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यातलं बाळ काचेच्या पेटीत ठेवलं, की व्हरांड्यातलं एखादं म्हातारं माणूस हे वाक्य टाकतंच, आणि ते पडतं बापाच्या कानावर. आई त्या वेळी तिथे नसते.

ती कुठे असते, ते सांगते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळेजेवण उरकून मुलगी आईकडे गेलेली असते, नवरा चाकणला कंपनीत नाहीतर कुणाच्या टेंपोवर. दिवस भरायला दोन महिने असताना एका रात्री तिचा रक्तदाब चढतो, पाय सुजतात, डोकं ठणकतं. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा रुग्णालयात, तिथे सिझर. बाळ तेराशे ग्रॅमचं, श्वासाला धाप. डॉक्टर म्हणतात, मोठ्या दवाखान्यात हलवा. १०८ येते. बाईला ताजे टाके, तिला हलवता येत नाही. मग बाळाबरोबर जायचं कुणी? रात्रीच्या एसटीने नुकताच पोचलेला, बायकोशी धड दोन शब्द न बोललेला तो पोरगा गाडीत चढतो. सासुरवाडीचा तालुका, दवाखाना परका, डॉक्टर परके, आणि नाव काय तर 'जावई'.

म्हणजे बाळाला नळ्या-वायरींत पाहणारं घरातलं पहिलं माणूस बापच असतो. नाकाशी सीपॅपची नळी, तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, पायाला लाल दिव्याचा सेन्सर, डोळ्यांवर पट्टी आणि वर निळा प्रकाश. पट्टी आणि निळा प्रकाश कावीळ उतरावी म्हणून असतो. हे त्याला कुणी सांगितलं नाही तर तो काय समजेल? बाळ आंधळं आहे असं समजून भिंतीला टेकून बसलेला बाप मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी तो बायकोकडे जातो. ती विचारते, कुणासारखं दिसतंय? त्याने टोपी आणि टेप यांपलीकडे काही पाहिलेलंच नसतं. तुझ्यासारखं, म्हणतो. पुढे महिनाभराने, बाळ अंगावर पिऊ लागलं की बायका हसत हसत ही गोष्ट आम्हाला सांगतात. त्या वेळी बाप दुसरीकडे बघत असतो.

दाराबाहेर त्याला आम्ही, म्हणजे यंत्रणा, जी कामं देतो ती अशी. चिठ्ठी घे, औषध आण. रक्तपेढीत जा. इथे सही कर, इथेही. महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राला भेट, रेशनकार्ड आण. आता नव्या लग्नाच्या मुलीचं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढलेलंच नसतं, ते असतं माहेरच्या कार्डावर, आणि ते कार्ड असतं मामाच्या गावी पत्र्याच्या पेटीत. तो धावतो. धावायला त्याची ना नसते, उलट धावपळ होती म्हणूनच डोकं ठिकाणावर राहिलं असं कितीतरी बाप नंतर सांगतात. पण दिवसभर बाळासाठी धावलेल्या माणसाला संध्याकाळी बाळ काचेतून दोन मिनिटं दाखवलं जातं, तेही दाराशी असलेल्या सुरक्षारक्षकाचा मूड बरा असला तर. वारंवार विचारलं की 'सिरियस आहे' एवढं उत्तर. रुग्णालयांतल्या मारहाणीच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात, मंत्रिमहोदय. माझं स्पष्ट मत आहे की नवजात कक्षाच्या दाराशी होणारी निम्मी भांडणं खबर न मिळाल्याने होतात. सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांनी पाच मिनिटं उभं राहून वजन किती, ऑक्सिजन किती लागतो, दूध किती पचलं हे सांगितलेला बाप दारावर लाथ मारत नाही.

त्या धावपळीत एक काम असं असतं की जे त्याच्याखेरीज कुणी करूच शकत नाही, आणि नेमकं तेच त्याला सांगायचं राहून जातं. आई एका दवाखान्यात, बाळ दुसऱ्या. पहिल्या दिवशीचा घट्ट पिवळा चीक बाळापर्यंत न्यायचा तो बापानेच. चीक निघतो चमचाभर, कधी काही थेंब. घरातल्या म्हाताऱ्या बायका तो पिळून टाकायला सांगतात. बापाला समजावलेलं असलं, की तो स्वच्छ झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत तेवढाच ऐवज घेऊन मोटरसायकलवर येतो, चार तासांच्या आत पोचायचं म्हणून वाटेत चहालाही थांबत नाही. सिस्टर सिरिंजमध्ये ओढून त्याला दाखवते. दीड मिली. तिला ठाऊक असतं की नाजूक आतड्याच्या बाळाला जंतूंपासून वाचवायला याच्या तोडीचं औषध आमच्या कपाटात नाही. ज्या राज्यात १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, त्या राज्यात बापाला एवढं शिकवणं अवघड असायचं कारण नाही.

आता नियमाकडे येते, कारण बापाला आत घेणं नियमात बसत नाही असं मला बैठकीत ऐकवलं गेलं आहे. बसतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये नवजात कक्षांतल्या कुटुंबसहभागी काळजीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा पाया दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या कामाचा. तिथे पालकांना हात धुण्यापासून गाऊन घालण्यापर्यंत, नळीने दूध देण्यापासून धोक्याची लक्षणं ओळखण्यापर्यंत शिकवून आत घेतलं गेलं. जंतुसंसर्ग वाढला नाही. आईच्या दुधावर घरी जाणारी बाळं मात्र वाढली. सूचनांत पालक म्हटलं आहे, नुसती आई म्हटलेलं नाही. आपल्याकडे अंमलात मात्र आईच आत जाते, फार तर आजी.

कांगारू पद्धतीचंही तेच. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता शहरात पेट्या पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तेव्हा ती गरिबांची सोय वाटली. २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतल्या बाळांना स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्यापासून छातीशी धरलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी बदलल्या, रोज ८ ते २४ तास कांगारू काळजी द्या म्हणून सांगितलं आणि त्यात कुटुंबाला सामील करून घ्यायलाही सांगितलं. त्या अभ्यासातली बाळं दिवसाचे सुमारे १७ तास कुणाच्या तरी छातीशी होती. सतरा तास! पोटाला टाके, दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं, जेवायचं, झोपायचं आणि एकटीने सतरा तास बाळ धरायचं, हे कुठल्या बाईला जमेल? हे गणित सुटायला दुसरी छाती लागते. ती बाहेर व्हरांड्यात बसलेली असते.

बाप छातीशी बाळ धरतो तेव्हा काय होतं, ते एकदा बघाच. एक टेंपोवाला मुलगा आठवतो. आधी नखं काप म्हटलं, कापली. तंबाखूची पुडी बाहेर ठेव म्हटलं, ठेवली. अंघोळ करून ये, कोपरापर्यंत हात धू, शर्टाची बटणं काढ. शेवटच्या गोष्टीला तो अडला. कक्षात बायका होत्या, दारात सासू उभी होती. पडदा ओढला आणि मागे रेलणाऱ्या खुर्चीत बसवलं. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर असलेलं बाळ त्याच्या छातीवर उभं ठेवलं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून पंचा गुंडाळला. पोरगं दगडासारखं बसलं. मॉनिटरवर बाळाचा ऑक्सिजन ठीक होता, पण बापाचा चेहरा लाल होत चालला. श्वास का घेत नाहीस रे, म्हटलं. तर म्हणतो, "छाती हालली तर त्याला लागंल ना, मॅडम." मी म्हटलं, ते नऊ महिने हालणाऱ्या पोटात राहणार होतं, दोन महिने तुझ्या छातीवर हालू दे. मग तो श्वास घ्यायला लागला. अर्ध्या तासाने बाळाचे हातपाय ऊबदार लागले, ठोके संथ झाले. सासू दारातून म्हणाली, हे काय गड्याचं काम आहे का? तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेच्या आधीच अंघोळ करून हजर होता.

अडचणी मला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत. पहिली म्हणजे कक्षात आया दूध काढत असतात, पाजत असतात, तिथे परके पुरुष कसे? हा आक्षेप खराच आहे आणि त्याला उत्तरही साधं आहे. पडदे, वेगळा कोपरा, ठरलेल्या वेळा. पण वेळा ठरवताना दुपारी अकरा ते एक ठरवू नका. तेव्हा बाप कामावर असतो. रात्री आठनंतरची वेळ ठेवा. दुसरी अडचण सिस्टरांची. रात्रपाळीत दोघीजणी आणि मंजूर खाटांहून जास्त बाळं, एका वॉर्मरवर दोन-दोन, हे चित्र आपण पाहणीच्या दिवशी पाहिलेलं नसणार. त्यात आणखी बाप शिकवा म्हटलं तर पोरी चिडतील, आणि चिडणं रास्त आहे. शिकवलेला बाप पुढे काम हलकं करतो, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत तो काम वाढवतो. तेव्हा यासाठी समुपदेशक हवा. नुसत्या आदेशावर हे चालणार नाही.

बाळाचं काम डिग्रीवाल्यांनीच करावं हा समज महाराष्ट्रानेच मोडला होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. घरोघरच्या या काळजीने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला आणि १९९९ मध्ये तो प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आशाताई आज घरी जाऊन बाळ तपासतात त्याचं मूळ तिथे आहे. शेजारच्या बाईला जे शिकवता आलं, ते बापाला शिकवता येणार नाही असं कुणी म्हणू नये.

मजुरीचा प्रश्न मात्र माझ्या कक्षातल्या पडद्याने सुटणारा नाही. तिसाव्या आठवड्यातलं बाळ महिना-दीड महिना दवाखान्यात राहतं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. आपल्याच हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्यात असंघटित कामगारांचाही विचार होता. त्याचा कायदा झाला नाही. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून बाळ सलग सात दिवस नवजात कक्षात राहिलं, तर आई आणि बाप दोघांनाही नेहमीच्या रजेवर कमाल १२ आठवडे जादा रजा मिळते. तेवढं मी मागत नाही. बीडचा ऊसतोड मजूर डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल दोघांच्या डोक्यावर. बायको बाळंत झाली म्हणून अर्धा कोयता आधीच पडला. तो बाळाजवळ बसला की त्याचाही खाडा लागतो, आणि खाडा उचलीत वाढतो. अशा माणसाला आम्ही 'बाळाकडे लक्ष द्या' म्हणून कशाच्या जोरावर सांगायचं? कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं की सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, ही पद्धत आपल्याच खात्यात आहे. तीच एसएनसीयूतल्या बाळाच्या बापाला लागू करा. बीपीएल असो की ऊसतोड, जितके दिवस तो कांगारू काळजीला बसेल तितक्या दिवसांची. हजेरी सिस्टर लावेल.

एक गोष्ट थोडक्यात, कारण तिच्यावर बोलायची सवय आपल्याकडे नाही. बाळंतपणाच्या आगेमागे दर दहा बापांतल्या एकाला नैराश्य येतं, असं २०१० साली अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी करून दाखवलं गेलं आहे, आणि ती मोजणी सगळ्याच बापांची होती. पेटीतल्या बाळाचा बाप काय अवस्थेत असेल ते समजा. त्याचं नैराश्य रडण्यातून दिसत नाही. तो दारू वाढवतो, फोन उचलत नाही, दवाखान्यात यायचा बंद होतो, आणि आम्ही केसपेपरवर 'नातेवाईक अनुपस्थित' असं लिहून मोकळे होतो. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मानसोपचार विभागाच्या भिंतीवर आहे. तो एसएनसीयूच्या व्हरांड्यात, पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर लावा. तिथे तो एकांतात वाचला जाईल.

बाळाला दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशीही सगळ्या सूचना आईलाच. बापाकडे बिलाचा कागद आणि रिक्षा आणायचं काम. घरी गेल्यावर श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला, पोट फुगलं, बाळ दूध ओढेना, तळपाय गार पडले, तर गाडी काढायची कुणी? ज्याने काढायची त्याला लक्षणं माहीत नकोत? डोळ्यांचंही तसंच. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो, फारच लहान असेल तर आणखी लवकर. ती तारीख चुकली आणि पडदा सुटला, तर दृष्टी परत येत नाही. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडणार नाही म्हणून किती घरांनी ही तारीख घालवली असेल! तारीख बापाच्या मोबाइलवर टाका, आदल्या दिवशी त्यालाच फोन करा. आशाताईच्या एखाद्या तरी भेटीची वेळ बाप घरी असताना धरा.

दर १७ नोव्हेंबरला जागतिक अकालजन्म दिन आपल्या रुग्णालयांत होतो. जांभळे फुगे, केक, आयांना साडी आणि बाळाला किट. बाप फोटो काढतात. फोटोत कुणी नसतो.

परिपत्रकात काय हवं ते वर आलंच आहे. पण परिपत्रकं कपाटात जातात हे आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही, म्हणून एवढं शेवटचं. एसएनसीयूचा महिन्याचा अहवाल वर जातो, त्यात दाखल किती, मृत्यू किती, पुढे पाठवले किती, कांगारू काळजी किती बाळांना, हे रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवा: किती बापांनी कांगारू काळजी दिली आणि किती तास. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या आढावा बैठकीत हा आकडा दर महिन्याला मोठ्याने विचारला जाऊ द्या. पहिल्या महिन्यात बहुतेक ठिकाणी शून्य येईल. दुसऱ्या महिन्यात कुठूनतरी खोटा आकडा येईल, तोही चालवून घ्या. तिसऱ्या महिन्यापर्यंत पडदा आणि खुर्चीची मागणीपत्रं यायला लागतील, ती मात्र अडवू नका. खुर्ची मागे रेलणारी हवी, हातांना टेकण असलेली. प्लॅस्टिकच्या स्टुलावर तासभर बाळ धरून बसता येत नाही.

आपली,
एक निवृत्त परिसेविका